मृदुजलशोधार्थ सहकुटुंब प्रस्थान

३ सप्टेंबर, लेर

स्वस्ति श्री. अखंडलोहमार्गसंचारी, त्रयस्त्रिंशद्राष्ट्रप्रवेशाधिकारी, द्वितीयश्रेणीसिंहासनाधीश्वर, चायपात्रधारी, पूर्वफ्रीसियाकुलभूषण, श्मशानवाचस्पती, प्रतिवार्षिकसंधिवातविजेता, श्रीमान हाब्बो ऊकेना यांच्या प्रवासदैनंदिनीस, गृहिणीने 'कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलास का' असे विचारण्यापूर्वी, शुभमुहूर्तावर प्रारंभ होत आहे.

यांपैकी 'श्मशानवाचस्पती' हे बिरुद व्यवसायाने प्राप्त झाले आहे. ज्यांना पाद्री नको असतो, परंतु निरोपाला चार बरे शब्द हवे असतात, अशा कुटुंबांसाठी मी अंत्यविधीस भाषण करतो. मृताच्या घरी जातो, चहा घेतो, त्यास काय आवडे, काय खपत नसे, ते विचारून घेतो. आणि नंतर शवपेटीशेजारी उभा राहून तेच अशा रीतीने सांगतो की ज्यांचे मृताशी भांडण होते तेही रुमाल काढतात. आमच्या पूर्वफ्रीसियात, म्हणजे जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यावर, लेरपासून एमडेनपर्यंत माझ्या तोडीचा वक्ता नाही, असे मी म्हणत नाही. फुलवाले म्हणतात.

उर्वरित बिरुदे एका पासातून उद्भवली आहेत. तेहतीस देशांच्या आगगाड्यांत बसण्याचा हा पास मी आमच्या विवाहाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त दोघांसाठी घेतला. विवाहानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही असाच पास घेऊन हिंडलो होतो. तेव्हा तो कागदी होता आणि गेशे माझ्या विनोदांना हसत असे. आता तो भ्रमणध्वनीत राहतो.

न्याहारीच्या वेळी मी ही वार्ता तिला यथोचित गांभीर्याने निवेदन केली. तिने खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाली, "जाऊ या. एवढं एकदा जाऊ या. मग बघू."

हे 'मग बघू' बागेतल्या शेडच्या छपराविषयी असावे. ते गेल्या वादळापासून गळते आहे.

नोंदणी करताना यंत्राने प्रश्न केला की बारा वर्षांखालील अपत्य सोबत आहे काय. त्यास पास फुकट मिळतो. मी 'नाही' वर बोट ठेवले. यंत्राने विनातक्रार पुढचे पान उघडले. यंत्रांचा हा गुण मला आवडतो.

५ सप्टेंबर, हॅम्बुर्गच्या पुढे, आगगाडीत

पासाचा एक नियम मोठा तात्त्विक आहे. परदेशात मनसोक्त फिरावे; परंतु स्वदेशात या पासावर एकदाच बाहेर पडता येते आणि एकदाच परत येता येते. मातृभूमी निरोप एकदा देते, स्वागत एकदा करते, त्यापुढे तिकीट काढा. हा नियम मी गेशेस सोदाहरण समजावून सांगितला. ब्रेमेन येईपर्यंत सांगत होतो. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला तो ओल्डेनबुर्गलाच कळला होता.

चहाची सिद्धता मी घरूनच केली आहे. गुलाबाच्या नक्षीची किटली, दोन कप, गाळणी, खडीसाखर आणि सायीचे भांडे, सर्व काही लोकरी मोज्यांत गुंडाळून पेटीत ठेवले आहे. भोजनयानातल्या सेवकाकडे उकळते पाणी मागितले, तेव्हा त्याने किटलीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "काका, आमच्याकडे पिशवीचा चहा मिळतो," तो म्हणाला. मी त्यास क्षमा केली. तो बव्हेरियाचा होता.

तळाशी खडीसाखर, तीवर कढत चहा, तडतड ऐकायची. मग कडेने साय सोडायची आणि ढवळायचे नाही. असे तीन कप. त्याहून कमी घेणे हा यजमानाचा अवमान. पुरे झाले असेल तर बोलून दाखवायचे नाही. चमचा कपात उभा करायचा. तो उभा राहिला की यजमानाने किटली खाली ठेवायची. या निर्णयावर आमच्या प्रांतात अपील नाही.

गेशेने पहिल्याच कपानंतर चमचा आत ठेवला.

तीस वर्षांत हे प्रथमच घडले. मी कारणमीमांसा केली. गाडीतले पाणी जड आहे. जड पाण्यात चहाचा रंग मरतो, वर तवंग येतो. आमच्याकडे हे शाळकरी पोरही जाणते. गेशेची जीभ या बाबतीत प्रयोगशाळेच्या तोडीची आहे. तसे मी बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "पाणी ठीक आहे, हाब्बो."

तिचा स्वभाव मुळात सोशिक.

६ सप्टेंबर, कोपनहेगन

येथील पाणी म्हणजे द्रवरूप चुनखडी. हॉटेलातल्या किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसला आहे. नखाने खरवडला तर भिंत रंगवता येईल. गेशे: एक कप, चमचा.

दुपारी ती फेन्नाशी फोनवर बोलत बाकावर बसली होती. फेन्ना तिची थोरली बहीण. एका डॅनिश सुताराशी लग्न करून आल्बोर्गला राहते. माझ्याविषयी तिचे मत प्रथमपासून प्रतिकूल आहे. लग्नातल्या भोजनाच्या वेळी मी केलेले भाषण लांबले आणि तिच्या पुढ्यातले मासे थंड झाले, हे ती अद्याप विसरलेली नाही. दोघी आमच्या गावच्या बोलीत बोलत होत्या. मी जवळ गेल्यावर गेशे म्हणाली, "बरं, मग तसंच," आणि फोन ठेवला. काय तसेच, असे विचारले. ती म्हणाली, "फेन्नाने माडीवरची खोली रंगवली."

बहिणींना एकमेकींच्या भिंतींत इतका रस असतो, हे मला ठाऊक नव्हते.

मी आज संकल्प सोडला आहे. ही यात्रा यापुढे निरुद्देश राहणार नाही. ग्रॅनाइटच्या डोंगरांतले पाणी मृदू असते. तेव्हा उत्तरेकडे कूच करायचे आणि गेशे तीन कप पिईल असे पाणी गाठायचे. तिला योजना सांगितली. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी मृतांची कुटुंबे कधीकधी पाहतात, मी शवपेटीच्या लाकडाचे प्रकार सांगू लागलो म्हणजे.

८ सप्टेंबर, गोथेनबर्ग

यश दृष्टिपथात आले आणि निसटले.

येथील अतिथिगृहाची मालकीण, श्रीमती उल्ला-ब्रिट, यांना मी प्रथम पाण्याविषयी विचारले, मग खोलीविषयी. त्यांनी अभिमानाने सांगितले की पाणी इतके मऊ आहे की साबण अंगावरून निघता निघत नाही. मी तत्काळ चहा केला. रंग तांबूस, पारदर्शक, तवंग नाही. खडीसाखर तडकली ती आमच्या स्वयंपाकघरात तडकते तशीच. साय मेघासारखी वर आली. मी दोन शब्द बोललो. गेशेने कप उचलला, निम्मा प्याली, उरलेला कप ओठांशी तसाच धरून बसली. मग प्याली. मग चमचा.

"कमी पडलं काही?" मी विचारले.

"नाही रे. छान झालाय."

मग दुसरा का नको? हे मी विचारले नाही. चमचा उभा राहिल्यावर विचारायचे नसते. प्रघात म्हणजे प्रघात.

नंतर ती सहज म्हणाली की गाडीच्या खिडकीतून दिसलेल्या एका पोराची पाठ 'अगदी तशीच' होती. मी म्हणालो की स्वीडनमध्ये पाठींचा तुटवडा दिसत नाही. माझा विनोद वाईट नव्हता. जागा चुकली असेल.

येथे एक गोष्ट नोंदवून टाकतो, कारण दैनंदिनीत सत्य लिहावे असे म्हणतात. येत्या नोव्हेंबरात दोन वर्षे होतील. बांधावरचा विटांचा रस्ता, पाऊस, दुचाकी. त्या अंत्यविधीस दुसरा वक्ता बोलवा, असे सर्वांनी सुचवले. मी ऐकले नाही. माझे ते भाषण माझ्या सर्व भाषणांत उत्कृष्ट ठरले. फुलवाला रडला. तो पेशाने न रडणारा इसम आहे.

९ सप्टेंबर

पाऊस. ओस्लोच्या गाडीत दोघांना लांबलांबच्या जागा मिळाल्या. गेशे म्हणाली, राहू दे, बदलू नकोस.

११ सप्टेंबर, बर्गनच्या गाडीत, पठारावर

बाहेर खडक, तळी आणि सप्टेंबरातच पडलेले थोडे बर्फ. ग्रॅनाइटविषयी समाधानाने बोलावे, तर श्रोता समोर नाही. कारण पुढे येते.

गेइलो स्थानकावर एक वृद्ध गृहस्थ आमच्या समोर येऊन बसले. नाव तोर्ग्रिम. आयुष्यभर लोकांचे दात काढून आता निवृत्त. जवळ आंबट लाल बोरांची बादली आणि लोणी साखर लावलेल्या बटाट्याच्या पोळ्या. त्यांनी पोळ्या पुढे केल्या. मी नॉर्वेच्या जलसंपत्तीवर प्रास्ताविक केले. ते ऐकत होते. मग, नॉर्वेत परक्याशी बोलत नाहीत अशी ख्याती असताना, त्यांनी विचारले, "मुलंबाळं किती तुम्हाला?"

"नाहीत," मी म्हणालो.

"एक," गेशे म्हणाली.

दोन्ही उत्तरे एकाच वेळी टेबलावर येऊन पडली. ती म्हणाली, "मुलगा."

मी म्हणालो, "आमच्या घरी गणिताचे दोन संप्रदाय आहेत."

हे वाक्य अन्यत्र चालले असते. तोर्ग्रिम हसले नाहीत. ते गेशेकडे वळून बसले, इतके की माझ्या वाट्यास त्यांचा खांदा आला. नाव काय त्याचे, असे त्यांनी विचारले. गेशेने नाव सांगितले. वय विचारले. "एकोणीस," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "होता."

आता सांत्वनपर वाक्य येणार, म्हणून मी सरसावून बसलो. अशा वाक्यांचा मी पारखी आहे. ते आले नाही. म्हाताऱ्याने पोळीवरची साखर बोटाने गोळा केली आणि विचारले, "खायला कसा होता?"

"अहो, खायला?" गेशे म्हणाली. "पातेलं पुसून खायचा. रात्रीचं उरलेलं सकाळी. आणि वर मला म्हणायचा, आई, या घरात उपासमार होते."

आणि ती हसली. तोंडावर हात न घेता हसली. मृताविषयी काय विचारावे, हा माझा पेशा आहे. इतकी वर्षे मी परक्या घरांत बसून हाच प्रश्न विचारत आलो. तो ऐकून मला मात्र गरम पाणी आणण्याची निकड भासली.

परतलो तेव्हा ती दोघे बोलतच होती. तिच्या पुढ्यात तोर्ग्रिम यांच्या पत्र्याच्या पेल्यात कॉफी होती. पूर्वफ्रीसियाची कन्या, चहाच्या तीन पिढ्यांची वारस, कॉफी पीत होती. आणि माझ्यादेखत तिने पेला दुसऱ्यांदा पुढे केला.

कॉफीस पाण्याचा मृदुपणा लागत नाही. हेच त्याचे कारण, दुसरे नव्हे.

पठारावरच्याच एका लहान स्थानकावर ते उतरले, तेव्हा गेशे दारापर्यंत गेली. परत आली नाही. डब्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काचेला टेकून उभी आहे. मी दोनदा खूण केली. तिने हात हलवला, जसा फलाटावरच्या माणसाला हलवतात.

१२ सप्टेंबर, बर्गन

जगातील सर्वोत्तम पाणी सापडले. येथे ते आकाशातून थेट खडकावर पडते आणि खडकावरून थेट नळात येते. वाटेत त्यास बिघडायला उसंत नाही.

दुपारी खोलीत चहा मांडला. खिडकीबाहेर बंदर, पाऊस आणि छत्र्यांचा समुदाय. हा माझ्या कारकिर्दीतला सर्वश्रेष्ठ चहा होता. गेशेने पहिला कप संपवला. मी किटली उचलली. तिने चमचा उचलला, मात्र कपात ठेवला नाही. हातात धरून बसली.

"हाब्बो, खाली ठेव ती किटली. जड आहे."

मी ठेवली.

"त्या दिवशी तू सगळ्यांना रडवलंस," ती म्हणाली. "फुलवाल्यालासुद्धा. घरी आलो, तू कोट काढलास, आणि मला विचारलंस, बरं झालं ना? मी म्हटलं, हो. तेव्हापासून वाट बघतेय मी."

"कशाची?"

"भाषण संपायची."

मी म्हणालो की मी तर त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर काढलेले नाही.

"तेच तर," ती म्हणाली. "पाण्यावर बोलतोस, पासावर बोलतोस. शेजारच्याच्या कुंपणावर बोलतोस. दोन वर्षं. घरात मी आहे आणि एक वक्ता आहे. मला हसवू नकोस रे. मला काही नकोय तुझ्याकडून. एकदा नुसतं नाव घे त्याचं. मागेपुढे काही लावू नकोस."

मी प्रयत्न केला, हे येथे नमूद करतो. श्वास घेतला. खांदे मागे गेले, जसे जातात. तोंड उघडले आणि जे शब्द आले ते असे होते: "आपण सर्वजण."

खोलीत आम्ही दोघेच होतो.

गेशेने चमचा कपात ठेवला. इतका हळू की आवाज झाला नाही. उरलेला चहा थंड होईल म्हणून मी पाणी पुन्हा उकळायला ठेवले, आणि ते उकळेपर्यंत किटलीकडे पाहत उभा राहिलो. पाणी उत्तम होते. दोष पाण्यात नव्हता.

मी वळलो तेव्हा तिने आपला कप आणि बशी धुतली होती, पुसली होती, आणि लोकरी मोज्यात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवत होती. माझा कप टेबलावरच होता. दोन्ही कप एकाच पेटीत असले तर एकाच धक्क्यात दोन्ही फुटतात, हे खरे. ती अशा बाबतीत नेहमीच माझ्याहून दूरदर्शी राहिली आहे.

१४ सप्टेंबर, ओस्लोहून दक्षिणेकडे

गेशेने आपला पास माझ्या भ्रमणध्वनीतून काढून स्वतःच्या भ्रमणध्वनीत घेतला. कसा घ्यायचा ते स्वतःच शोधून काढले. मी तिचे अभिनंदन केले. आजवर ही सर्व तांत्रिक जबाबदारी एकट्या माझ्या शिरावर होती.

चहा केला नाही. किटली पेटीच्या तळाशी आहे आणि पेटी वर आहे.

दुपारभर नाव मनात म्हणून पाहिले. मनात येते. मग त्यापुढे आपोआप 'या उमद्या तरुणाने' असे येते, आणि मी थांबतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पुत्राचे नाव घेण्याचा सराव करावा लागावा, यात विनोद आहे. परंतु सांगावा कोणाला?

गेशेला झोप लागली होती. तिचे डोके माझ्या खांद्यावर आले आणि तिथेच राहिले. माझा हात बधिर झाला. मी तो हलवला नाही. मग तिकीट तपासनीस आली, गेशे जागी झाली आणि सरळ बसली. म्हणाली, "सॉरी हं."

माझ्या खांद्यावर डोके ठेवल्याबद्दल तिने क्षमा मागितली. हे वाक्य मी तीनदा खोडले आणि तीनदा लिहिले.

१५ सप्टेंबर, कोपनहेगन सोडल्यावर

आज स्वदेशी परतायचे. गाडीत घोषणा झाली: फ्रेडेरिसियाला गाडी दुभंगणार, पुढचे डबे दक्षिणेस सरहद्दीच्या दिशेने, मागचे उत्तरेस आल्बोर्गकडे, प्रवाशांनी आपण योग्य भागात बसल्याची खात्री करावी. डॅनिश लोक हे इतक्या सहजपणे सांगतात, जसे आपण खिडकी लावून घ्या म्हणतो. एका रुळावर एकत्र धावायचे, दोन डब्यांना जोडणारा रबरी मार्ग बंद करायचा, आणि आपापल्या दिशेने निघायचे. येथे यास अपघात म्हणत नाहीत. वेळापत्रकात छापलेले असते.

आम्ही योग्य भागात होतो. मी खात्री केली आणि गेशेस तसे सांगितले.

"मी मागे जातेय," ती म्हणाली.

मला वाटले, स्वच्छतागृहात.

"फेन्नाकडे. सांगणार होते बर्गनलाच. नाही जमलं."

"किती दिवस?"

"माहीत नाही, हाब्बो."

खिडकीबाहेर पूल आला. दोन्हीकडे समुद्र होता. काहीतरी म्हणायला हवे होते, आणि मजजवळ जे होते ते मी म्हणालो. मी म्हणालो की या पासावर स्वदेशात परतीचा प्रवास एकदाच मिळतो, आणि तो आजचा धरला आहे. आज नाही वापरला तर गुंतागुंत होईल.

"ठाऊक आहे. ओल्डेनबुर्गलाच कळलं होतं मला." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुझा तू वापर."

मग ती म्हणाली की फ्रीझरमध्ये सूप आहे, वाटाण्याचे आणि कोबीचे, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. कोबीचे आधी संपव. मी बरे म्हणालो. सूप फ्रीझरमध्ये आहे, म्हणजे ते प्रस्थानापूर्वी केलेले आहे. आम्ही निघालो तेव्हाच ते होते. मी मृदू पाण्याची योजना सांगत होतो तेव्हाही ते तिथे गोठत होते. याचा अर्थ लावण्याचे मी तूर्त टाळतो.

"मला राग नाहीये तुझा," ती उठताना म्हणाली. "हे तू लिहून ठेव तुझ्या त्या वहीत. नाहीतर काहीतरी भलतंच लिहिशील."

लिहून ठेवले आहे.

तिने पिशवी घेतली. मोठी पेटी माझ्याकडेच राहिली. ती डब्यातून मागे गेली, त्यामागच्या डब्यात गेली, रबरी मार्गातून पलीकडे गेली. ती प्रत्येक आसनाच्या पाठीला हात लावत चालत होती. गाडी हलत होती म्हणून.

मी मागे का गेलो नाही? हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. मीच विचारतो आहे. जायला वेळ होता. फ्रेडेरिसिया येण्यास बराच अवधी होता. मी जाऊन तिच्या शेजारी बसू शकलो असतो आणि दोन अक्षरे म्हणू शकलो असतो. परंतु ती अक्षरे तिथवर नेताना वाटेत त्यांना मागेपुढे काही चिकटले असते, याची मला भीती वाटली. मी स्वतःला ओळखतो. रबरी मार्गापर्यंत पोहोचेतो प्रस्तावना तयार झाली असती.

फ्रेडेरिसियाला एक कर्मचारी आला, मधले दार लावले, काहीतरी खटका दाबला. धक्का बसला नाही. मला वाटले होते की धक्का बसेल.

१५ सप्टेंबर, सरहद्दीकडे

आमचा भाग आधी सुटला. म्हणून ती गेली असे म्हणता येत नाही. गेलो मी. ती फलाटाला लागून उभ्या राहिलेल्या डब्यात बसली होती, पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून. तिने पाहिले की नाही, कळले नाही.

केनो.

लिहिले. दोनच अक्षरे आहेत. वर काही नाही, खाली काही नाही.

केनो चहा ढवळायचा. साय घातली की लगेच चमच्याने गरगर, सगळा चहा गढूळ करून टाकायचा. ढवळू नये, हे मी त्याला किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, "बाबा, पोटात जाऊन ढवळलाच जातो की." हे भाषणात नव्हतं. भाषणात मी सांगितलं की त्याला क्षितिजाची ओढ होती. त्याला कसली क्षितिजाची ओढ. त्याला गोड चहा हवा असायचा आणि पहिला घोटही गोड हवा असायचा, म्हणून ढवळायचा.

आत्ता मोठ्याने म्हणून पाहिलं. केनो. समोरच्या बाईंनी वर पाहिलं आणि पुन्हा मासिकात तोंड घातलं. आलं. नुसतं आलं. इतकं सोपं होतं, असं मी म्हणणार नाही.

गेशेला फोन लावला. या भागात संपर्क होत नाही, असे यंत्र म्हणते. मघापासून तेच म्हणते आहे.

तूर्त एक तक्रार नोंदवतो. या डब्याचे काचेचे दार स्वयंचलित आहे आणि त्यात काही बिघाड आहे. थोड्या थोड्या वेळाने ते आपोआप सरकून उघडते, कोणी आत येत नाही, आणि ते पुन्हा बंद होते. मी दारासमोरच बसलो असल्यामुळे दर खेपेस मान वर करून पाहावे लागते. मानेला रग लागली आहे, आणि वाराही येतो. तपासनिसास सांगितले. त्याने दार हाताने ओढून पाहिले आणि म्हणाला की आता काही करता येणार नाही, कारखान्यात गेल्यावर बघतील. जागा बदलून घ्या, म्हणाला, डबा रिकामाच आहे. मी बदललेली नाही. ते आत्ता पुन्हा उघडले.